शेवटच्या फेऱ्यांची तयारी: आधी किकऑफ पाहा

गेल्या वर्षी आम्हा सहा मित्रांच्या पैजेत मी सपशेल तोंडघशी पडलो, म्हणून ही यादी लिहून ठेवतो आहे. पैज साधी आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चौथ्या ते सातव्या फेरीत निवडले जातील असे दहा खेळाडू प्रत्येकाने आधी लिहून द्यायचे आणि ऑगस्टअखेरीस संघ ९० खेळाडूंवरून ५३ वर येतात, तेव्हा त्यांपैकी किती उरले ते मोजायचे. माझे दोन उरले. पाच महिने मी खेळाडूंच्या चित्रफिती पाहिल्या होत्या, उंची-वजन-वेगाचे तक्ते केले होते, आणि त्या तक्त्यांत स्पेशल टीम्सचा एकही रकाना नव्हता.

तेव्हा पहिला रकाना तोच करा. किकऑफ (चेंडू लाथाडून खेळ सुरू करणे), पंट (डाव अडल्यावर चेंडू लाथेने दूर समोरच्यांकडे देणे) आणि फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून गुण मिळवणे) यांच्या वेळी मैदानात उतरणारी ही पथके म्हणजे शेवटच्या फेरीतल्या खेळाडूची खरी नोकरी असते; कॉर्नरबॅक (झेल अडवणारा) किंवा रिसीव्हर (झेल घेणारा) ही त्याची पदवी झाली. ५३ पैकी जास्तीत जास्त ४८ जण सामन्याच्या दिवशी गणवेशात उतरतात, आणि पाचव्या क्रमांकाच्या रिसीव्हरला त्यांत जागा द्यायची की नाही, हे त्याने किती सुंदर झेल घेतले यावरून ठरत नाही, तो पंटमागे धावून समोरच्याला पाडू शकतो का यावरून ठरते. मॅथ्यू स्लेटर २००८ मध्ये पाचव्या फेरीत निवडला गेला, तेव्हा रिसीव्हर म्हणून त्याच्याकडे दाखवण्यासारखे काहीही नव्हते. पुढे १६ हंगामांत त्याने एकच झेल घेतला आणि तरीही केवळ स्पेशल टीम्सच्या बळावर तो दहा वेळा प्रो बोल या हंगामातल्या उत्तम खेळाडूंच्या सन्मानासाठी निवडला गेला. टेरेल डेव्हिस हा १९९५ चा सहाव्या फेरीतला, १९६ व्या क्रमांकाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. डेन्व्हरच्या सराव शिबिरात तो मागच्या रांगेत उभा होता. टोकियोत झालेल्या सराव सामन्यात किकऑफमागे धावत त्याने चेंडू घेऊन येणाऱ्याला असा काही धडकून पाडला की प्रशिक्षकांची नजर त्याच्याकडे वळली. त्याच हंगामात त्याने हजारावर यार्ड काढले, १९९८ मध्ये २,००८, आणि २०१७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. ही गोष्ट मला वीस वर्षांपासून ठाऊक होती. ठाऊक असून रकाना केला नाही, याला काय म्हणावे?

आता हे पाहायचे कसे, कारण चूक इथेच होते. यूट्यूबवर खेळाडूच्या नावाने कापून लावलेल्या चित्रफितींत किकऑफ आणि पंट नसतातच. तिथे फक्त त्याच्या जागेवरचे डाव असतात, त्यामुळे शंभर चित्रफिती पाहूनही हा भाग तुमच्या डोळ्यांसमोर येत नाही. महाविद्यालयीन सामन्यांची पूर्ण प्रक्षेपणे मिळवा, ती ऑक्टोबरपासूनच जमवत जा, आणि खेळाडूचा क्रमांक लिहून घेऊन प्रत्येक पंटला तो कुठे उभा आहे ते शोधा. सर्वांत बाहेरच्या बाजूला उभे असणारे दोघे गनर, म्हणजे पंटमागे सर्वांत आधी धावणारे. त्यांच्यावर कधी कधी दोन-दोन जण सोडलेले असतात, तेव्हा आपला खेळाडू त्या दोघांतून सुटतो का, सुटल्यावर शेवटी वेग आवरून टॅकल करतो (चेंडूवाल्याला पाडतो) का, की भरधाव पुढे निघून जातो, एवढे तीन प्रश्न पुरेत. आणखी एक मेख अशी की महाविद्यालयातला प्रमुख खेळाडू शेवटच्या वर्षी सहसा या पथकांत उतरतच नाही, कारण प्रशिक्षक त्याला दुखापतीपासून जपतात. म्हणून त्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे सामने काढा, जेव्हा तो अजून राखीव होता. तेव्हाही तो तिथे नसेल, तर त्याच्या नावापुढे मोठे प्रश्नचिन्ह लावा.

२०२४ पासून किकऑफचा नियमच बदलला, हे लक्षात न घेता जुनी मोजमापे वापरू नका. आता लाथ मारणारा सोडून बाकीचे दहा जण समोरच्या संघाच्या ४० यार्डाच्या रेषेवर उभे राहतात आणि चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याला लागेपर्यंत हलू शकत नाहीत. साहजिकच साठ यार्ड वाऱ्यासारखे धावणाऱ्यापेक्षा जवळच्या अंतरात ब्लॉक (अडवणाऱ्याचा अडथळा) झटकून टॅकल करणाऱ्याला भाव आला आहे. २०२५ मध्ये टचबॅकची (चेंडू परत न आणल्यास डाव सुरू होण्याची) जागा ३० वरून ३५ यार्डावर नेल्यावर चेंडू घेऊन धावण्याचे प्रमाण आणखी वाढले, म्हणजे या कामाला माणसेही जास्त लागतात. अशा वेळी हा रकाना रिकामा ठेवणारा मीच एक शहाणा.

उंची, वजन, वेग यांविषयी फार लिहीत नाही. फेब्रुवारीअखेरीस इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टपूर्व चाचणी शिबिर, होते, ज्यांना तिथे बोलावणे नसते त्यांचे आकडे मार्चमध्ये महाविद्यालयांच्या प्रो डेला (चाचणीच्या दिवशी) मिळतात, आणि हे सगळे कोणीही मिळवू शकतो. प्रो डेला हाताने मोजलेल्या वेळा जरा सढळ, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी, असतात एवढे ध्यानात ठेवा. मात्र एखादा आकडा खरोखरच विलक्षण असेल आणि खेळाडूने जागा नुकतीच बदललेली असेल, तर थांबून पाहा. तारिक वूलन सहा फूट चार इंच उंच, चाळीस यार्ड ४.२६ सेकंदांत धावलेला, आणि रिसीव्हरचा कॉर्नरबॅक होऊन फार काळ न झालेला. २०२२ मध्ये तो पाचव्या फेरीपर्यंत उरला आणि पहिल्याच हंगामात सहा इंटरसेप्शन (समोरच्यांचे पास मधेच झेलणे) घेऊन लीगमध्ये संयुक्तपणे पहिला आला.

झेलांचे आणि यार्डांचे आकडे वाचताना संघाची खेळण्याची पद्धत आधी पाहा. जॉर्ज किटलने आयोवा विद्यापीठात मिळून ४८ झेल घेतले होते, कारण तिथे टाइट एंडचे (झेल आणि ब्लॉक दोन्ही करणाऱ्याचे) निम्मे आयुष्य ब्लॉक करण्यात जाते. २०१७ ला तो पाचव्या फेरीत गेला, आणि ते ब्लॉकिंग ज्यांनी पाहिले होते त्यांना पुढे तो लीगमधला नामांकित टाइट एंड झाला याचे तितकेसे आश्चर्य वाटले नसावे. वयही तपासा. करोनामुळे २०२० चा हंगाम पात्रतेच्या वर्षांत धरला गेला नाही, शिवाय २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले, त्यामुळे ते महाविद्यालयात जास्त वर्षे राहू लागले आणि चोविशी गाठलेले खेळाडू ड्राफ्टला सर्रास दिसू लागले. चोविसाव्या वर्षी एकोणिसाच्या पोराला लोळवण्यात फारसे कौतुक नाही.

दुखापती: कोणते सामने बुडाले आणि कशामुळे, एवढे लिहा. वैद्यकीय अहवाल आपल्याला मिळत नाहीत, म्हणून अंदाज बांधत बसू नका. दुखापतीमुळे खाली घसरलेला प्रत्येक जण पुका नाकुआ नसतो. तो २०२३ मध्ये १७७ व्या क्रमांकावर गेला आणि पहिल्याच हंगामात १०५ झेल व १,४८६ यार्ड असा नवोदितांचा विक्रम करून बसला.

क्वार्टरबॅक (पास फेकणारा सूत्रधार) यादीत घेऊच नका. टॉम ब्रेडी १९९ वा होता, ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये अगदी शेवटचा, २६२ वा होता, आणि तरी दोघे मोठे झाले, हे सर्वांना पाठ आहे आणि म्हणूनच दरवर्षी आमच्यातला कोणीतरी त्यांच्यासारखा शोधायला जाऊन एक जागा वाया घालवतो. तिसऱ्या क्वार्टरबॅकला किकऑफला धाडता येत नाही; त्याला टिकण्याचा दुसरा मार्गच नसतो. जागा बदलायला तयार असलेला क्वार्टरबॅक मात्र निराळा. ज्युलियन एडलमन केंट स्टेटचा क्वार्टरबॅक होता, २००९ मध्ये सातव्या फेरीत आला आणि रिसीव्हर म्हणून जम बसेपर्यंत पंट परत आणण्याच्या कामाने त्याला हात दिला. पुन्हा स्पेशल टीम्सच! २०२२ चा सातव्या फेरीतला आयझाया पाचेको हाही कॅन्सस सिटीत आरंभी किकऑफ परत आणत होता.

एप्रिलमध्ये संघांची गरज पाहा. कोणाचे स्पेशल टीम्सचे जुने गडी निवृत्त झाले किंवा करार संपून गेले, ते आधी. रिसीव्हर किती आहेत, ते नंतर.

ड्राफ्टच्या दिवशी करण्यासारखे फार नाही. चौथी ते सातवी फेरी शनिवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी बारापासून, म्हणजे पुण्यातल्या मित्राकडे रात्री साडेनऊला. जेवून बसा. सातवी फेरी संपताच न निवडलेल्यांचे करार सुरू होतात, तेही टिपून ठेवा.

मे ते जुलै काही नाही. ऑगस्टच्या सराव सामन्यांत किकऑफच्या पहिल्या पथकात कोण आहे ते पाहा, म्हणजे यादीतले कोण उरणार ते आधीच कळेल. ५३ मध्ये न बसून सरावपथकातल्या १६ जणांत गेलेला खेळाडू आमच्या पैजेत धरला जात नाही. तुमच्याकडे काय ते आधी ठरवा.

आणि यादी पाठवण्यापूर्वी दहाही नावांपुढचा पहिला रकाना भरलेला आहे ना, ते पाहा. एखादा रिकामा असेल, तर ते नाव खोडून अकरावे घ्या.