खेळाडूचा प्रशिक्षक होताना: कोल्हापूरच्या फुटबॉलपटूंसाठी

शाहू स्टेडियमवर पेठेसाठी खेळताना पाय साथ देत असतात, तेव्हाच प्रशिक्षक होण्याची तयारी सुरू करावी. या कामी अमेरिकन फुटबॉलमधील एरिक बिएनेमी यांची वाटचाल अभ्यासण्याजोगी आहे. तो खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यात रनिंग बॅक चेंडू काखेत घट्ट धरून धावतो. १९९१ ते १९९९ या काळात त्या जागी व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या बिएनेमी यांनी २००१ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात, म्हणजे आपल्याच जुन्या संघात, केवळ रनिंग बॅकना शिकवायला सुरुवात केली. कॅन्सस सिटी चीफ्स या व्यावसायिक संघाच्या संपूर्ण आक्रमणाची सूत्रे त्यांच्याकडे आली ती २०१८ मध्ये, १७ वर्षांनी.

म्हणून आपणही प्रथम आपल्या जागेपुरतेच शिकवावे. आघाडीवर खेळला असाल, तर पहाटे गांधी मैदानावर चार-पाच मुलांना घेऊन एकच गोष्ट घोटून घ्यावी: चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून बचावपटू कोठे उभा आहे, हे पाहणे. मूल चुकले की स्वतः करून दाखवण्याचा मोह आवरावा आणि 'तुला काय दिसलं?' असे त्यालाच विचारावे. माझ्या मते उत्तम खेळाडू नेमके इथेच अडखळतात, कारण अंगवळणी पडलेली गोष्ट शब्दांत मांडण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते.

त्याच वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी परवाना मिळवावा. पुढे सी, बी, ए. तालमीच्या वरिष्ठ संघाची जबाबदारी मात्र लगेच मागू नये. कालच्या सोबत्याला राखीव खेळाडूंत बसवणे फार जड जाते.