आधी पाहुणे बोलवा, मग पाककृती लिहा

‘मला माझ्या पाककृती लोकांना द्यायच्यात, सुरुवात कशी करू?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, घरी जेवायला शेवटचं कुणाला बोलावलं होतंत? बरेचदा उत्तर येतं, ‘दिवाळीत.’ मग आधी तिथूनच सुरुवात करा, असं माझं म्हणणं असतं.

घरच्या चौघांसाठी रोज करणारा हात अंदाजाने चालतो आणि अंदाज कागदावर उतरत नाही. घरच्यांना तुमची चव पाठ असते, त्यामुळे तेही काही बोलत नाहीत. तोच पदार्थ बारा जणांसाठी करायचा म्हटला की पहिल्यांदा प्रश्न पडतात: तांदूळ किती, मीठ किती, पातेलं केवढं? या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवली की पाककृतीचा अर्धा मसुदा तयार होतो.

पाहुण्यांवर नवा पदार्थ करून बघू नये. एक बेत ठरवावा आणि तोच वेगवेगळ्या लोकांना खिलवत राहावा. माझा बेत मसालेभात, मठ्ठा, काकडीची कोशिंबीर आणि पापड असा आहे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात याहून जास्त जमत नाही आणि लागतही नाही. मसालेभात एकाच पातेल्यात होतो आणि माणसं यायच्या आधी तयार असतो. पुऱ्या, भाकरी, थालीपीठ हे प्रकार मी अशा दिवशी करत नाही. गरमगरम वाढायच्या हट्टापायी यजमान ओट्याशी अडकतो आणि बाहेर पाहुणे एकमेकांकडे बघत बसतात. ‘साधंच काहीतरी करू’ म्हणून पाच पदार्थ मांडायची आपली सवयही सोडायला हवी. (भात मी केलेला असतो. तरी जाताना लोक ‘वहिनी, मस्त झाला होता’ म्हणतात. बायको आता ‘थँक्यू’ म्हणून मोकळी होते.)

प्रमाणाचं सांगतो. भात हाच मुख्य पदार्थ असेल तर माणशी ८० ग्रॅम तांदूळ धरावा, म्हणजे बारा जणांना साधारण एक किलो. पाच लिटरच्या कुकरमध्ये हे मावत नाही, कारण कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नसतो. सात-आठ लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्यावं. एक किलो तांदळाला पाव किलो तोंडली, पाव किलो वांगी, गोडा मसाला तीन मोठे चमचे आणि मीठ, भाज्या धरून, सपाट पाच छोटे चमचे. चौघांची कृती बारा जणांसाठी करताना सगळंच तिप्पट करू नका. तांदूळ, भाज्या, मीठ तिप्पट चालतं. फोडणीचं तेल दुप्पट पुरतं. हिंग आणि लवंगही हात राखून घालावी, नाहीतर त्यांचाच वास पुढे येतो. पाणी वेगळं उकळून, कढत घालायचं. एवढ्या मोठ्या पातेल्यात गार पाणी ओतलं तर उकळी यायला फार वेळ लागतो आणि तोवर भाज्या गळून जातात.

मापाचा घोळ इथेच सुरू होतो. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर कित्येक घरं शिकली. सगळं एकाच वाटीने मोजलं तर प्रमाण बिघडत नाही, वाटी कितीही लहानमोठी असो. पण ‘दोन वाट्या तांदूळ, पाव किलो तोंडली, अर्धा नारळ’ असं लिहिलं की वाटी केवढी, हा प्रश्न आलाच. कुणाकडे ती १२० मिलिलिटरची असते, कुणाकडे २००ची. म्हणून मी डिजिटल वजनकाटा घेतला. नवख्याने महागडी कढई घेण्याआधी हा घ्यावा. छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, मोठा म्हणजे १५, हेही एकदा लिहून टाकावं.

तरीही वजनाने सगळं सुटत नाही, निदान भाताच्या बाबतीत तरी. ‘तांदळाच्या दुप्पट पाणी’ हे वाक्य अर्ध्या महाराष्ट्रात चुकीचं ठरतं, कारण तांदूळ नवा की जुना हे त्यात नसतं. दिवाळीनंतर बाजारात येणारा नवा तांदूळ कमी पाणी पितो आणि चिकटतो. वर्षभर मुरलेला जुना जास्त पाणी घेतो आणि मोकळा होतो. माझा अनुभव आंबेमोहोराचा आहे. जुना असेल तर उघड्या पातेल्यात सव्वादोन ते अडीचपट पाणी लागतं. नवा असेल तर दुपटीहूनही थोडं कमीच घालावं. सुरती कोलमचं गणित वेगळं, बासमतीचं त्याहून वेगळं. आणि तोच तांदूळ कुकरमध्ये लावला तर वाफ आत कोंडते, म्हणून पाणी आणखी कमी करावं लागतं. तेव्हा कृतीत तांदळाची जात, तो नवा की जुना आणि भांडं कोणतं, या तिन्ही गोष्टी हव्यात. दुकानदाराला विचारलं तर तो नवा-जुना बरोबर सांगतो. लोक विचारतच नाहीत. कृती करून बघणाऱ्याने ‘तुमच्यासारखा मोकळा नाही झाला’ असं कळवलं की मी आधी त्याच्या तांदळाची चौकशी करतो. हाताला नावं ठेवायची वेळ क्वचितच येते.

गोड्या मसाल्याचंही तसंच. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर ही मंडळी बहुतेक घरांत असतात, पण प्रमाण घरागणिक बदलतं. तुमच्या मसाल्यात तिखट आहे की नाही आणि तो ताजा की सहा महिन्यांचा, हे लिहा.

वेळेसोबत खूणही द्या. ‘पाच मिनिटं परता’ हे माझ्या गॅसवर खरं असतं, इंडक्शनवर नाही. ‘तोंडलीच्या कडा तपकिरी व्हायला लागेपर्यंत, साधारण पाच मिनिटं’ हे दोन्हीकडे चालतं. जर्मनीतल्या भाचीला तोंडली मिळत नाहीत, म्हणून तिच्यासाठी ‘नुसती वांगी चालतील, पण ती शेवटी घाला’ ही ओळ आली आणि ती मी ठेवूनच दिली.

मसुदा झाला की तो पदार्थ कधीच न केलेल्या माणसाला द्यावा आणि त्याने फोन करेपर्यंत गप्प बसावं. तो जे विचारेल तेच कृतीत राहिलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर पाठवायची कृती बारा-पंधरा ओळींची असावी आणि पहिली ओळ ‘किती जणांसाठी’ ही असावी. सजवलेल्या ताटाच्या फोटोपेक्षा पाणी घालायच्या आधीच्या पातेल्याचा फोटो जास्त कामाचा. कृती कुणाकडून घेतली असेल तर त्यांचं नाव लिहा. पुस्तकातली भाषा जशीच्या तशी उतरवू नका.

बोलावण्याबद्दल थोडं. तारीख ठरवताना कालनिर्णय बघा. संकष्टी असेल तर निम्मी मंडळी चंद्रोदयापर्यंत जेवणार नाहीत. कांदा-लसूण, शेंगदाणे, साखर यांचं पथ्य आधीच विचारून घ्या. अंगतपंगत करायची तर ‘काहीही आण’ असं सांगू नका, नाहीतर तीन डबे श्रीखंड येतं आणि पापड कुणीच आणत नाही. ‘तू ताक आण’ असं थेट सांगितलेलं लोकांनाही बरं वाटतं. साडेबाराला बोलावलं की माणसं सव्वाला येतात, तेव्हा पातेल्याखाली तवा ठेवून भात मंद आचेवर दडपून ठेवावा. ओलं खोबरं, कोथिंबीर ऐनवेळी. वाढायला मी उभा राहत नाही. पातेलं, डाव आणि तुपाची वाटी मध्ये ठेवतो. आग्रहही करत नाही. ज्यांना लाजायची सवय असते ती माणसंही दुसऱ्यांदा घेतात.

उरलेला भात मात्र दुपारभर ओट्यावर ठेवू नये. शिजवूनही न मरणारे काही जिवाणू गार होत चाललेल्या भातात वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. परातीत पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. कुणाला डबा द्यायचा असेल तरी हाच नियम, आणि लांब जायचं असेल तर डब्यातल्या भातावर ओलं खोबरं घालू नये.

चार वेळा बोलावलंत की कुणीतरी विचारतंच, ‘ऑर्डर घेता का?’ मी अजून नाही म्हणतो. घरून विकायचं तर २००६च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. शिवाय दर आठवड्याला तीच चव ठराविक वेळी देणं ही वेगळीच नोकरी आहे. विचारणाऱ्याला मी पाव किलो गोडा मसाला देतो आणि सोबत प्रमाणाची चिठ्ठी.