अडीच सूत आणि आठ मिलिमीटर: जुन्या गाड्यांच्या गॅरेजात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम संपवून मी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा पॉइंटची गॅप लावणे, कार्बोरेटर उघडून साफ करणे आणि ब्रेकची हवा काढणे मला येत होते. हे वाचणाऱ्यांनाही ते येते असे मी धरून चालतो. माझे अडले ते याहून साध्या गोष्टीवर, आणि त्या गोष्टीचा धाक आजही नट हातात घेताना मला वाटतो.

पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी मला सांगितले, "अरे, त्या बीटलच्या रेडिएटरमधलं पाणी बघून ये." मी पुढचे बॉनेट उघडले, तर आत पेट्रोलची टाकी आणि सामानाची जागा होती. फोक्सवॅगन बीटलचे इंजिन मागे असते आणि ते हवेवर थंड होते, त्यामुळे तिला रेडिएटरच नसतो. सगळे गॅरेज हसले आणि त्या दिवशीचा चहा उस्तादांनी पाजला. नव्या मुलांनी अशी थट्टा मनाला लावून घेऊ नये, कारण तिच्यामुळे माणूस गाडीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू लागतो. दुसऱ्यांदा हशा झाला तो "अडीच सुताच्या नटाचा पाना दे" या मागणीवर. एका इंचाचे आठ सूत, म्हणून अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, असा हिशेब करून मी तेवढ्या मापाचा पाना शोधत बसलो. मात्र अडीच सूत ही बोल्टची जाडी असते, आणि त्या नटाला पाना लागतो चार सुताचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा.

या मापांच्या घोळातच खरा सापळा आहे, आणि तो मी सविस्तर सांगणार आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी मुळात इटलीची फियाट ११००, त्यामुळे तिचे नटबोल्ट मिलिमीटरचे. उत्तरपाड्याची अँबेसडर मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, म्हणून तिचे नटबोल्ट इंचाचे. दोन्ही गाड्या गॅरेजात शेजारी शेजारी उभ्या असतात आणि त्यांचे सुटे नट रॉकेलच्या एकाच ट्रेमध्ये धुतले जातात. पद्मिनीचा आठ मिलिमीटरचा नट बाहेरून १३ मिलिमीटरचा असतो आणि अँबेसडरचा अडीच सुताचा १२.७ मिलिमीटरचा. काळे तेल लागल्यावर हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

अँबेसडरच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचा) एक नट मला सापडेना, म्हणून मी ट्रेमधला सारखा दिसणारा नट उचलला. तो बोटांनी दोन फेरे सहज गेला आणि अडला. गंज असेल असे समजून मी तेल सोडले, पाना लावला आणि जोर दिला. नट अर्धा फेरा पुढे सरकला, आणि स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो बिनडोक्याचा बोल्ट, इंजिनाच्या हेडच्या अगदी लगत तुटला.

असे का झाले ते नीट समजून घ्या. अँबेसडरच्या त्या स्टडवर एका इंचात २४ आटे असतात, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे १.०६ मिलिमीटर. आठ मिलिमीटरच्या साध्या नटाचे तेच अंतर १.२५ मिलिमीटर. जाडीत फरक जवळजवळ नाही (७.९४ आणि ८), म्हणून नट लागतो. परंतु प्रत्येक आट्यामागे सुमारे ०.१९ मिलिमीटरची चूक साचत जाते, तिसऱ्या आट्यापर्यंत ती अर्ध्या आट्याहून जास्त होते, आणि मग धातू धातूला कापू लागतो. म्हणून स्वच्छ आट्यांवर नट शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे आणि पाना केवळ आवळण्यासाठी लावला पाहिजे. शंका आली तर दोन बोल्टचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. फट दिसली तर त्यांची जात वेगळी आहे.

याहून जुन्या इंग्लिश गाडीपाशी आणखी जपून राहावे लागते. इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी समान आटे १९४८ साली ठरवले, आणि त्याआधीच्या इंग्लिश गाड्यांवर बहुधा व्हिटवर्थ पद्धतीची मापे असतात. त्या पान्यावरचा आकडा बोल्टची जाडी सांगतो, त्यामुळे पाव इंच लिहिलेल्या पान्याचे तोंड १३.३ मिलिमीटर निघते. १९४५ ते १९४९ या काळात बनलेल्या एमजी टीसी या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीच्या इंजिनात तर आटे मिलिमीटरचे आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थची आहेत. हे ऐकून घाबरू नका. सहा महिन्यांत हाताला ही मापे कळू लागतात, मलाही कळू लागली.

इम्पॅक्ट गनबद्दल, म्हणजे नट झटक्याने फिरवणाऱ्या यंत्राबद्दल, माझे मत कठोर आहे. पहिले वर्षभर तिला हात लावू नये, कारण नट अडल्याची जी जाणीव बोटांना होते ती गनला होत नाही. फोनवरचे व्हिडिओ पाहून मी पॉइंट लावायला शिकलो, हे मी नाकारत नाही, पण व्हिडिओतल्या माणसाची गाडी त्याच्या देशातली असते आणि तुमच्या गाडीत पन्नास वर्षांत कोणी कोणते नट बसवले हे त्याला ठाऊक नसते. ओरडणारा उस्ताद चांगला शिकवतो ही समजूतही मला पटत नाही. "का?" या प्रश्नाला उत्तर देणारा उस्ताद मिळाला तर थोडा कमी पगारही चालेल.

मालकही आता मूळ नटांबद्दल विचारतात. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला "व्हीए" अक्षरांचा क्रमांक मिळतो. शिवाय मॅनिफोल्डला पितळी नट असतात ते उष्णतेने जाम होऊ नयेत म्हणून, तेव्हा तिथे हाताला येईल तो लोखंडी नट लावू नका.

स्टड तुटलाच तर तो लपवू नका. मी अर्धा तास लपवला, आणि तेवढ्या वेळात घाईने ड्रिल चालवून भोक तिरपे केले असते तर हेड काढून टर्नरकडे न्यावे लागले असते. अखेर मी सांगितले. उस्तादांनी चष्मा लावला, तुटलेल्या टोकाच्या बरोबर मधोमध सेंटर पंचाने खूण केली, तीन मिलिमीटरचे ड्रिल लावले आणि मशीन माझ्या हातात दिले. भोक सरळ गेले, पण तो स्टड निघायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.