पावसाळी ट्रेक: सॅक आतून कोरडी ठेवा

सह्याद्रीतल्या धो धो पावसात नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाठीकडची बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांतून आत झिरपतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. तिथे निचऱ्याचं भोक नसेल तर बोटाएवढं पाडा.

खरा बंदोबस्त आतून. सॅकमध्ये जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला (कचऱ्याची पातळ पिशवी स्टोव्हच्या कोपऱ्यानेही फाटते). त्यात स्लीपिंग बॅग आणि मुक्कामाचे कपडे भरा, हवा दाबून काढा, तोंड पिळून दुमडा, रबर लावा. खाऊ, टॉर्च वर, पिशवीबाहेर. नाहीतर दर थांब्याला ती भर पावसात उघडावी लागेल.

मुक्कामाचे कोरडे कपडे चालताना घालायचे नाहीत. सकाळी कालचेच ओले चढवा, कितीही नको वाटलं तरी.