बँकेची नोटीस आली? घर वाचवताना या चुका टाळा

नोकरी सुटते, दुकान बसतं, घरात मोठं आजारपण येतं आणि गृहकर्जाचे हप्ते थकतात. मग माणूस शरमेनं बँकेचा फोन उचलणं सोडतो. माझ्या मते घर जातं ते बरेचदा इथूनच. दोन हप्ते थकलेला माणूस स्वतः शाखेत जाऊन बसला, तर मुदत वाढवून हप्ता कमी करायचं बोलणं होऊ शकतं. थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि बँकेची भाषाच बदलते. तेव्हा 'एक हप्ता भरतो, बघू' हे चालत नाही. सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही.

पुढे सरफेसी कायदा, २००२ (बँकेला कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) याखाली ६० दिवसांची नोटीस येते. पोस्टमनला 'घरी कोणी नाही' सांगून ती परत पाठवू नका. टाळलेली नोटीस दारावर चिकटवता येते, वर्तमानपत्रात छापता येते, आणि दिवस मोजले जातातच. उलट ती नीट वाचा, रकमेचा हिशेब तपासा आणि लेखी हरकत द्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बाकी रक्कम मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी उरली असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

ताब्याची नोटीस लागल्यावर लोक दिवाणी न्यायालयात स्टे आणायला धावतात. तिथे अशी प्रकरणं सहसा चालत नाहीत. दाद मागायची ती कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, ४५ दिवसांच्या आत. आपल्या नागपूरकरांसाठी डीआरटी नागपुरातच आहे, मुंबई गाठावी लागत नाही.

सगळ्यात जीवघेणा गैरसमज म्हणजे 'लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन जाऊ'. २०१६ च्या दुरुस्तीनंतर पूर्ण देणं भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सावकाराकडून जबर व्याजानं पैसे आणून हप्ते भरणंही नको, त्यानं एकाची दोन देणी होतात.

देणं झेपणारच नसेल तर स्वतः घर विकणं लिलावापेक्षा बरं. नोटीस आल्यावर त्यासाठी बँकेची लेखी संमती लागते. आपल्याकडे नागपुरात आणखी एक अडचण येते ती आरएलची, म्हणजे प्लॉटच्या नियमितीकरण पत्राची. लेआउटमधल्या प्लॉटचं ते पत्र नसेल तर घेणाऱ्याचं कर्ज अडतं, आणि तेवढ्यात महिने निघून जातात. ग्राहक शोधण्याआधी तो कागद हातात असू द्या. एकरकमी तडजोड केलीत तर रक्कम आणि तारीख बँकेच्या पत्रावर घ्या, फोनवरच्या शब्दावर नको.

आणि लिलाव झालाच, तर बँकेचं देणं व खर्च वजा जाता उरलेली रक्कम तुमची असते. तिचा हिशेब लेखी मागा.