पेन्सिलीने चेहरा काढताना: बडोद्यात चित्रकला शिकायला येणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या फाइन आर्ट्‌स फॅकल्टीत यायची तयारी करणारी मुलं मला आपली पोर्ट्रेट्स दाखवतात. बहुतेक फोटोवरून उतरवलेली, घोटून गुळगुळीत केलेली, पापणीचा केस न्‌ केस दिसणारी. हात तयार आहे हे लगेच कळतं. पण काढणाऱ्याला त्या चेहऱ्यात काय जाणवलं, ते कुठेच सापडत नाही.

स्विस शिल्पकार-चित्रकार जाकोमेत्तीची रेखाटनं बघा. डोळे आणि नाक यांच्याभोवती रेषा पुनःपुन्हा फिरते, मधेच रबराने पुसून उजेड काढलेला असतो, केस-कान जेमतेम सुचवलेले. आपल्या गोव्याचे चित्रकार एफ. एन. सूझा यांनी तर डोळे थेट कपाळावर चढवले. ही मोडतोड मनाला येईल तशी नसते. जबडा कुठे वळतो, भुवईचं हाड कुठे पुढे येतं, हे ज्याला पक्कं माहीत आहे त्यालाच ते मोडता येतं. म्हणून सुरुवातीला कवटीचा अभ्यास कराच. त्याला पर्याय नाही.

दांडिया बाजारात आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. दात गेल्यामुळे खालचा ओठ आत ओढलेला. मी तेवढी एकच रेघ ६बी या मऊ, गडद पेन्सिलीने दाबून ओढली आणि बाकीचा चेहरा त्याहून कडक, फिक्या एचबीने हलकाच ठेवला. डावा डोळा तर काढलाच नाही. त्यांची सून बघून म्हणाली, "अगंबाई, रागावल्या की अश्शाच दिसतात!" साम्य डोळ्या-नाकाच्या मापात नव्हतं, त्या दाबलेल्या ओठात होतं. कुठे दाबायचं आणि काय सोडायचं, हा निर्णय म्हणजेच रेखाटन, असं मी मानतो.

सरावाला रेल्वे स्टेशनवर जा. गाडीची वाट बघणारा माणूस बराच वेळ बसतो, पण मान हलवतोच. त्यामुळे तुम्हाला पटकन ठरवावं लागतं. चुकलेली रेघ खोडू नका, तिच्या शेजारी दुसरी ओढा.

१९५० साली फॅकल्टी सुरू झाली, तेव्हा इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवायला आले. मराठी घरातून येणाऱ्यांनी त्यांचं काम आवर्जून बघावं.

साहित्यावर फार खर्च नको. एचबी, ४बी, ६बी आणि साधा कार्ट्रिज पेपर पुरतो. मऊ शिसं पसरतं, म्हणून पानांमध्ये बटर पेपर घाला. कुणाला काम दाखवायला जाल तेव्हा निवडक चित्रांसोबत ही स्केचबुकंही न्या, अर्धवट पानांसकट.