आज्जी वारकरी बी होती अन् मुक्तिसंग्रामातली सैनिक बी, तिचं आयुष्य लिहून कसं ठेवायचं

वर्षश्राद्ध जवळ आलं की घरात दोनच विषय, कीर्तनाला महाराज कोणते आणायचे अन् फ्लेक्सवर कोणाकोणाचे फोटो टाकायचे. भावकीतली झाडून सगळी तोंडं त्या फ्लेक्सवर येतात अन् जिचं पुण्यस्मरण तिच्याबद्दल 'धार्मिक व मायाळू स्वभावाच्या' एवढीच एक ओळ. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला त्या मुक्तिसंग्रामात, आज नव्वदी ओलांडलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी रझाकारी (निजामाच्या बाजूच्या रझाकार संघटनेचा जुलूम) अंगावर काढलीय, भूमिगत लोकांना जेवू घातलंय, निरोप पोचवलेत, अन् जालन्याकडच्या दगडाबाई शेळकेंसारखी दोनचार नावं सोडली तर बाकीच्यांचं कुठं काही लिहिलेलंच नाही. म्हणून हे, ज्यांच्या घरात अशी आज्जी आहे किंवा होती त्यांच्यासाठी.

आज्जी हयात असेल तर आजच बसा, दिवाळीला सगळे आले की बघू असं करू नका. "मुक्तिसंग्रामात तू काय केलंस?" असं विचारलं की ती म्हणणार "काय करायचं बाबा, भाकरी थापल्या". बरेचजण इथंच मोबाईल बंद करतात. अहो तिथंच तर धरायचं! किती जणांच्या भाकरी, लेव्हीत, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या वसुलीत, धान्य जायचं तर पीठ कुठून आणायची, दुरडी कोण न्यायचं, दिवसा का रात्री, वाटेत करोडगिरीचा (जकातीचा) नाका लागायचा का, पोलीस दारात आले तर काय सांगायची, घरातली गडीमाणसं निजामाच्या सरहद्दीवरच्या लढ्याच्या कॅम्पात गेली तेव्हा शेत कोण बघत होतं. कामाबद्दल विचारलं की म्हातारं माणूस भरभर बोलतं, पराक्रमाबद्दल विचारलं की लाजतं. अन् मधी बोलू नका, विशेषतः थोरल्या काकांना बोलू देऊ नका, ते सगळं स्वतःच सांगतात.

मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकून जवळ ठेवायचा, पंखा बंद, अर्ध्या तासाच्या वर ताणायचं नाही. ती तूर निवडत बसलेली असेल तर फारच उत्तम. घरात जातं असेल तर ते बाहेर काढा, पुसा, मूठभर ज्वारी टाका अन् तिचा हात खुंट्यावर ठेवा. नुसतं "ओव्या म्हण" म्हटलं की आठवत नाहीत, हात फिरला की येतात. त्यात पंढरीचा विठ्ठल असतो, भाऊ असतो, सासुरवास असतो अन् एखाद्या वेळी रझाकार बी निघतो. भक्ती वेगळी अन् लढा वेगळा असे दोन कप्पे तिच्या डोक्यात नव्हतेच, म्हणून आपण बी लिहिताना करायचे नाहीत. जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह झालेला आहे, लाखाच्या वर ओव्या आहेत त्यात, पण तुमच्या आज्जीची त्यात असेलच असं नाही.

आता साल. हे सगळ्यात किचकट काम. तिला जन्मतारीख माहीत नसते अन् आधारवर 1 जानेवारी टाकलेली असते, त्यावर विश्वास ठेवू नका. तिच्याच खुणांनी मोजा. पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय फौजेची निजामावरची कारवाई, 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झाली अन् 17 ला निजाम शरण आला, तेव्हा लग्न झालं होतं का, कडेवर लेकरू होतं का? थोरला मुलगा बहात्तरच्या दुष्काळात केवढा होता? लग्नानंतरचा पहिला धोंडा, म्हणजे अधिक महिना, कोणत्या महिन्यात आला हे तर बायकांना हमखास आठवतं, कारण जावयाचं वाण असतं. 1947 ला अधिक श्रावण होता, म्हणजे ती "श्रावणात" म्हणाली अन् बाकीच्या खुणा जुळल्या तर लग्न त्याच्या आधीच्या दोनतीन वर्षातलं.

जुने कागद सापडले तर त्यावर फसली साल, म्हणजे निजामाच्या कारभारातलं महसुली साल, असतं, उर्दूत. निजामाचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यात 590 मिळवले की ते वर्ष सुरू झालं तो इसवी सन निघतो, म्हणजे 1357 फसली हे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. उर्दू वाचणारे म्हातारे अजून कुठंकुठं आहेत, निजामाच्या वेळच्या शाळेत शिकलेले, त्यांच्याकडं कागदाची झेरॉक्स घेऊन जा, मूळ कागद हातातून सोडू नका.

पेन्शनची फाईल असेल तर तीच खरी तिजोरी. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन 1972 पासून सुरू झाली, त्या अर्जाला शपथपत्र, सोबतच्या सैनिकांचे दाखले असं बरंच काही जोडलेलं सापडतं, कोणत्या कॅम्पात, कोणाच्या हाताखाली. पण एक गोम आहे. पुष्कळ घरांत अर्ज आजोबांचा असतो अन् आज्जीचं नाव फक्त 'पत्नी' म्हणून, त्यांच्या माघारी वारस म्हणून पेन्शन तिला चालू झाली एवढंच. म्हणून कागदात नाही म्हणजे तिनं काही केलंच नाही असं धरू नका, अन् उलट कागदात नसलेलं कॅम्प-बिम्प आपल्या मनानं जोडू बी नका. 'आज्जीनं सांगितलं' अन् 'कागदात आहे' हे लिहिताना वेगळं ठेवायचं.

आज्जी गेलेली असेल तर तिच्या माहेराला जा. सासरचे सगळे तिला म्हातारी म्हणूनच ओळखतात, माहेरी धाकटी बहीण, भावजय, कोणीतरी असतं ज्यांनी तिला परकरात बघितलेलं असतं. मग दिंडीतल्या बायका. पंढरीच्या वाटेवर नाहीतर पैठणला नाथषष्ठीला मुक्कामात जे बोलणं होतं ते घरात कधीच होत नाही.

कोणी मारलं, कोणाचं घर जाळलं, पोलीस ॲक्शननंतर शेजारच्या मुसलमानांवर काय बेतलं, कोणी कोणाला कणगीत लपवलं, हे निघतंच. सगळं जसंच्या तसं लिहून घ्या, फक्त गावातल्या हयात घराण्यांची नावं छापायच्या पुस्तिकेत घालू नका, ती घरच्या वहीत राहू द्या.

पुस्तिका सोळा-वीस पानांची पुरे. कीर्तनकार महाराजांना आदल्या दिवशीच एक पान द्या, त्यात विशेषणं नकोत, दोन प्रसंग अन् तिची एक ओवी, बस. ऐनवेळी मंडपात चिठ्ठी दिली की ते 'माउलीस्वरूप' म्हणून मोकळे होतात, त्यांचा बी दोष नाही. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर धुरकट छापतात. रेकॉर्डिंग ड्राईव्हवर एक अन् पेनड्राईव्हमध्ये एक, फाईलला आज्जीचं नाव, गाव, तारीख. फ्लेक्सवाल्याला फोन सगळ्यात शेवटी.